कार्तिकांतली काकवी

दसरा झाला, शिलंगणाचें सोनें वांटून झालें, कीं आमच्या वाळवें तालुक्याची हवा पालटते. रस्त्यांवरील चिखल वाळून त्यांना धूळ येते. कृष्णेचें पाणी निवळून तळचे गोटे दिसूं लागतात. आणि सकाळच्या धुक्यांतून एक गोड, किंचित् करपट वास येऊं लागतो. शहरांतून प्रथमच ह्या बाजूस आलेल्या पाहुण्यास तो कशाचा तें उमगत नाहीं. येथल्या पोरास विचारलें असतां तें नाक वर करून, वारा कोणत्या अंगाचा आहे तें पाहून, कोणाचें गुऱ्हाळ लागलें तें नांवानिशीं सांगेल. निदान आमच्या लहानपणीं सांगत असे.

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्यावें असा निरोप आला, तेव्हां विषय शोधण्यासाठीं आम्हांस फार लांब जावें लागलें नाहीं. दिवाळी नुकतीच झाली होती आणि पुढ्यांतल्या बशींत काकवी होती. शिवाय काकवीसंबंधीं आमच्यापाशीं एक कबुली साठ वर्षांहून अधिक काळ पडून आहे. ह्याच शाळेंत येण्याशीं तिचा संबंध असल्यामुळें ती येथेंच उतरावी हें बरें.

आमच्या तालुक्यांतल्या मुलांस काकवी म्हणजे काय हें सांगणें एके काळीं हास्यास्पद झालें असतें. हल्लीं इस्लामपुरांतल्या मुलांनाही ती बाटलीवरील चिठ्ठी वाचून ओळखावी लागते, म्हणून दोन शब्द सांगतों. उंसाचा रस आटवीत गेलें असतां त्याचा गूळ होतो. परंतु गूळ होण्याच्या आधीं, रस मधासारखा दाट व तांबूस सोनेरी झाला असतां त्यास आंचेवरून उतरविलें, तर जो पाक हातीं येतो ती काकवी. तापमापक लावून पाहिलें तर काकवी सुमारें १०५ अंश सेल्सियसला उतरते, आणि गूळ ११८ च्या आगेंमागें. दोहोंमध्यें अंतर तें एवढेंच. आणि शेवटचे हे अंश इतक्या झपाट्यानें चढतात कीं गुळव्यानें मान वळवून कोणाशीं दोन शब्द बोलावे, तोंवर काकवीचा गूळ होऊन जावा. पावसाळ्यांत कच्च्या ढेपेंतून जो काळसर चिकटा पाझरतो त्यालाही कोणी काकवी म्हणतात. ती निराळी, आणि तिचें कौतुक आम्ही करीत नाहीं.

शरद् ऋतूंत पाक आटविण्याची चाल केवळ आमचीच आहे असें नव्हे. अमेरिकेच्या पूर्व भागांत अॅपलाचियन नांवाची डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तेथल्या खेड्यांतून सप्टेंबर-ऑक्टोबरांत असाच पाक करीत आले आहेत. मात्र तो उंसाचा नव्हे, तर गोड ताटांच्या ज्वारीचा. हें बियाणें १८५० नंतरच्या दशकांत त्या देशांत पोंचलें. पुढें १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत दक्षिणेकडील साखर उत्तरेस मिळेनाशी झाली, तेव्हां शेतकऱ्यांनीं ह्या ज्वारीची कांस धरली. खेचर जुंपलेला चरक, उथळ लांबट कढई, कडेस उभे राहून फेंस काढणारीं माणसें आणि पाक उतरला म्हणजे भांडीं घेऊन जमणारा शेजार, हें वर्णन वाचतांना आम्हांस आमच्याच वाडीची आठवण झाली. ज्वारीची आम्ही भाकरी करतों आणि उंसाचा पाक तिजवर घेतों. त्यांनीं ज्वारीचाच पाक केला, इतकाच भेद. आपल्याकडे सातारा जिल्ह्यांतच, फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें (स्थापना १९६८) 'मधुरा' नांवाचें गोड ज्वारीचें वाण तयार करून त्याच्या रसाचा पाक काढून दाखविला आहे. म्हणजे ही वाट आपणांसही अपरिचित राहिलेली नाहीं.

असो. आतां आमच्या गुऱ्हाळाकडे वळूं.

आमची वाडी इस्लामपुरापासून दोन-अडीच कोसांवर, बह्याच्या रामलिंग बेटाच्या बाजूस, कृष्णाकांठीं. वाडींतल्या चार घरांनीं मिळून एक गुऱ्हाळ बांधलें होतें. चरक, इंजिन व काहील सामाईक. ऊंस, जळण व माणसें ज्याचीं त्यानें आणावयाचीं आणि ठरलेल्या दिवशीं आपली पाळी घ्यावयाची. पूर्वीं हा चरक बैलांवर चाले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं सुरू झाला व तेथून लोखंडी नांगर आणि चरक बाहेर पडूं लागले, त्यापूर्वीं लांकडी घाण्यांत ऊंस कसा पिळीत ह्याच्या गोष्टी आबा, म्हणजे आमचे आजोबा, सांगत असत. आम्हांस कळूं लागलें तेव्हां बैलांची जागा इंजिनानें घेतली होती. त्याचा फटफट आवाज रात्रीं नदीपलीकडे ऐकूं जाई, आणि तो मध्येंच थांबला तर निजलेलीं माणसें दचकून उठत.

आबा स्वतः गुळवे होते. गुळव्याचें काम काय, हें ज्यानें गुऱ्हाळ पाहिलें नाहीं त्यास सांगून समजणें कठीण. रस काहिलींत ओतला कीं पहिली उकळी येण्यापूर्वीं मळी वर येते. ती काळपट हिरवी, दाट साय झाऱ्यानें काढावयाची. राहिली तर गूळ काळा पडतो. रस निवळावा म्हणून रानभेंडीचीं ताटें ठेंचून पाण्यांत चोळीत आणि तो बुळबुळीत रस काहिलींत सोडीत. त्याच्याबरोबर घाण चिकटून वर येई. बेताचा चुना घालावयाचा. थोडा झाला तर गूळ आंबूस, अधिक झाला तर काळसर. मग रस उसळूं लागे. तो उतूं जाईल असें वाटे तोंच आबा चार थेंब गोडें तेल टाकीत आणि तो सगळा फेंस, पोरानें वडिलांचा डोळा पाहून बसावें तसा, खालीं बसे. चुलाणाच्या तोंडाशीं चुलव्या वाळलेलीं चिपाडें सारीत असे. आबा वरून नुसतें "जरा" म्हणत. त्या एका शब्दानें आंच वाढावयाची कीं उतरावयाची हें चुलव्यास कसें कळे, हें आम्हांस शेवटपर्यंत समजलें नाहीं.

आबांजवळ तापमापक नव्हता. पाण्याची एक वाटी, दोन बोटें आणि कान एवढीच त्यांची सामग्री. फावड्यावरचा पाक बोटावर घेऊन अंगठ्यानें ओढला आणि त्याची एक तार निघाली कीं काकवी झाली. तोच पाक पाण्यांत सोडून त्याची गोळी वळली, ती काहिलीच्या कांठावर आपटली आणि टणक वाजली, कीं गूळ झाला. मग चार माणसें दांडे लावून काहील ओढीत आणि तो धगधगता सोनेरी लोट वाफ्यांत सोडीत. रसापासून येथवर येण्यास अडीच-तीन तास लागत. चांगल्या उंसाच्या शंभर शेरांत दहा-बारा शेर गूळ, असा सर्वसाधारण हिशेब असे.

काकवी हा मात्र हिशेबाचा जिन्नस नव्हता. ती विकण्यासाठीं कोणी करीत नसे. गूळ सांगलीच्या, कऱ्हाडच्या किंवा कोल्हापूरच्या पेठेंत जाई. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी वसविली तेव्हांपासून तेथील गुळाची पेठ नांवाजलेली आहे, आणि त्या गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण काकवी पेठेंत जात नसे. ती घरांत, भाऊबंदांत आणि वाटेनें जाणाऱ्याच्या भांड्यांत जाई. गुऱ्हाळावर आलेल्या माणसास रस प्याल्याशिवाय आणि हातावर गरम गूळ घेतल्याशिवाय सोडावयाचें नाहीं, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, म्हणून तो कोणी मोडीतही नसे. परीट, न्हावी, गुरव, पोस्टमन, शाळेचे मास्तर, सर्वांचीं भांडीं ओळीनें ठेवलेलीं असत. पाळीच्या एखाद्या आदणांतून (एका वेळीं काहिलींत आटविलेल्या रसास आमच्याकडे आदण म्हणतात) आबा तारेवर आलेल्या पाकाच्या दोन-चार घागरी आधीं काढून घेत, आणि उरलेल्याचा गूळ करीत.

आतां आमची गोष्ट.

सन १९६४. सांगली जिल्ह्यास 'दक्षिण सातारा' म्हणण्याची संवय म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अजून गेली नव्हती. आम्ही बारा वर्षांचे होतों. वाडींतील शाळा चौथीपर्यंत. पुढील दोन यत्ता आम्हीं रोज शेजारच्या गांवीं चालत जाऊन केल्या होत्या. दिवाळीनंतरच्या सत्रापासून इस्लामपुरास ह्या शाळेंत घालावें आणि वसतिगृहांत ठेवावें असें ठरलें होतें. त्यासाठीं लागणारे पैसे आमच्या पाळीच्या पहिल्या दोन आदणांतून उभे राहावयाचे होते. पुढच्या सर्व गुळावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. त्यांतला छदामही घरीं येणार नव्हता. वडिलांनीं एका अडत्याशीं तशी बोली केली होती.

ऊंस तोडण्यास शिराळ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून माणसें येत. चांदोलीच्या अंगची ही मंडळी. वरचें भात व नाचणी काढून झाली कीं कोयते घेऊन खालीं उतरत आणि होळीपर्यंत राहत. त्यांतील एका वृद्ध गृहस्थास आम्ही तात्या म्हणत असूं. ते दरवर्षीं आमच्याकडेच येत. आमच्यासाठीं डोंगरांतून हिरड्याच्या काळ्या शेंगटी नाहीं तर मोराचें पीस आणीत, आणि परत जातांना काकवीचीं दोन गाडगीं, तोंडाला केळीचें पान बांधून, डोक्यावरून नेत. नाचणीच्या भाकरीबरोबर ती पावसाळाभर पुरते असें सांगत.

त्या वर्षीं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं तोडणी सुरू झाली. परंतु शेजाऱ्याची पाळी लांबल्यामुळें आमचा तोडलेला ऊंस दोन दिवस मोळ्या बांधून तसाच पडला. वस्तुतः तोडलेला ऊंस दिवसाच्या आंत पिळून झाला पाहिजे. आबांस हें कळत होतें आणि ते अस्वस्थ होते. त्यांतच त्यांना दोन दिवस ताप येत होता. पहिलें आदण उत्तम उतरलें. दुसऱ्याचा रस पिळून टाकी भरली तोंच चुलाणाची एक बाजू ढासळली. रात्रीचे आठ वाजले होते. विटा बसवून, माती लिंपून ती थोडी सुके तोंवर पेटवितां येईना. वडील सांगलीस गेले होते. आबा घोंगडी पांघरून चिपाडांच्या ढिगाशीं आडवे झाले आणि आम्हांस म्हणाले,

"बाळा, तिकांडं डोक्यावर आलं की मला उठीव. ताप हाय, झोप लागंल. रसाला थांबाय येत न्हाई. वैरण थांबती, मानूस थांबतंय, रस न्हाई थांबत."

आम्हीं मोठ्या ऐटीनें होकार दिला. चंद्र मावळला. पूर्वेकडे मृगाच्या चांदण्या व त्यांतील तीन ताऱ्यांचें तिकांडें वर येत होतें. आम्ही त्याकडे पाहत चिपाडांवर बसलों. चिपाडें उबदार असतात आणि त्यांना एक गोड वास असतो, ह्यापलीकडे त्या रात्रीचें आम्हांस कांहीं आठवत नाहीं.

जाग आली ती ऊन तोंडावर आल्यामुळें. प्रथम दिसले ते आबा. ते टाकीशीं उभे होते आणि त्यांचें एक बोट तोंडांत होतें. टाकीवर बारीक पांढरा फेंस धरला होता व त्यांतून हळू बुडबुडे फुटत होते. त्यांनीं वळून आमच्याकडे पाहिलें. रागावले असते तर बरें झालें असतें. त्यांनीं नुसतें म्हटलें, "उठ, त्वांड धू."

रस ओतला. चुना नेहमीपेक्षां अधिक घातला, तसा तो तांबडा होत गेला. मळी काढतां काढतां दुपार झाली. गुऱ्हाळावरचे सारे गडी गप्प होते. वास त्यांनाही कळला होता. तार निघाली. आबांनीं आणखी थोडें आटूं दिलें, थेंब पाण्यांत सोडला. बोटांत धरला तर गोळी वळेना, ओघळूनच गेली. त्यांनीं वाटींतलें पाणी फेकून दिलें आणि म्हणाले, "उतरा."

एकानें विचारलें, "आबा, गूळ?"

"ह्यो गूळ व्हायचा न्हाई. काकवी हाय ही. समद्यास्नी सांगा, भांडी घिऊन या."

अर्धी काहील खुशाल आटवून, मऊ, चिकट, काळ्या ढेपी पाडून कमी भावानें विकतां आल्या असत्या. पुष्कळ जण तसें करीत. आबांनीं तें केलें नाहीं. संध्याकाळपर्यंत वाडींतलें एकही भांडें रिकामें राहिलें नाहीं. घागरी, चरव्या, लोटके, गाडगीं, एका बाईनें तर नवें मडकें कुंभाराकडून उसनें आणलें. पोरें बोटें चाटीत हिंडत होतीं. असा काकवीचा पूर कोणी पाहिला नव्हता, आणि सर्वांना वाटलें कीं आबांनीं नातू इस्लामपुरास जाणार म्हणून आनंदानें ही वांटणी केली. लोक आमच्या पाठीवरून हात फिरवून जात होते.

दुसऱ्या दिवशीं वडील आले. आबा म्हणाले, "ऊस शिळा झाला हुता." एवढेंच. हें खोटें नव्हतें. पण वडिलांनीं तें निराळ्या तऱ्हेनें घेतलें. ते तडक तोडणीवाल्यांच्या खोपटाकडे गेले आणि पाळी येण्यापूर्वींच ऊंस कां पाडला, म्हणून तात्यांस चार माणसांदेखत बोलले. तोडण्याचा दिवस वडिलांनींच ठरवून दिला होता. पण तें तात्यांनीं काढलें नाहीं. ते हातांतला कोयता पायाशीं ठेवून उभे राहिले. आम्ही दहा हातांवर होतों. आमच्या तोंडीं शब्द आला होता, आणि आम्हीं तो गिळला. आबांकडे पाहिलें, ते चुलाणाकडे पाहत होते.

शिमग्यास मंडळी परत निघालीं तेव्हां आबांनीं तात्यांच्या डोक्यावर चार गाडगीं काकवी दिली, नेहमीच्या दुप्पट. तात्यांनीं ती घेतली. परंतु पुढच्या वर्षीं ते आमच्याकडे आले नाहींत. कऱ्हाडच्या बाजूस गेले असें कळलें. त्यानंतर आम्हीं त्यांना पाहिलें नाहीं. त्यांचा डोंगर हल्लीं चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आहे (२००४), खालीं वारणेवर धरणाचें पाणी पसरलें आहे, आणि त्या बाजूचीं कित्येक गांवें उठून इकडे-तिकडे वसलीं आहेत. तीं वसाहतींचीं घरें एस्. टी. तून दिसलीं कीं आम्ही अजून दारांत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहतों. तात्या असते तर शंभरीच्या बरेच पुढें असते हें आम्हांस कळतें.

आमचें शाळेंत येणें सहा महिने लांबलें. जूनमध्यें आम्ही वळकटी, पेटी व काकवीचें एक गाडगें घेऊन इस्लामपुरास दाखल झालों. तें गाडगें त्याच आदणांतलें होतें. वसतिगृहांत पहिल्याच रात्रीं मुलांनीं तें उघडलें. नेहमीची काकवी होळीपर्यंत तळाशीं साखर धरूं लागते. जूनपर्यंत अर्धें गाडगें खडेच होतात. ह्या गाडग्यांत एक कणही नव्हता. पहिल्या दिवशीं होती तशी ती स्वच्छ, तांबूस, अखंड धार. मुलें म्हणालीं कीं अशी काकवी आम्हीं कधीं खाल्ली नाहीं. आमच्या घशाखालीं मात्र ती लवकर उतरेना.

त्याचें कारण कळण्यास आणखी चार वर्षें लागलीं. रसायनाच्या तासास गुरुजींनीं फळ्यावर साखरेचें सूत्र मांडलें आणि सांगितलें कीं आम्लाच्या योगानें उंसाच्या साखरेचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज व दुसरा फ्रुक्टोज. आणि अशी फुटलेली साखर सहजासहजीं स्फटिक धरीत नाहीं. गूळ व्हावयाचा तर साखर अखंड पाहिजे. तिनें स्फटिक धरले तरच ढेप बसते. उंसाला किंवा रसाला शिळेपण आलें, तो आंबला, कीं ही फूट पडते आणि गूळ बसत नाहीं. परंतु काकवीला नेमकें तेंच हवें असतें. फुटलेली साखर मध्यें असली म्हणजे काकवी वर्षभर पातळ राहते. आम्ही वही मिटून बसलों. गुरुजींनीं "समजलें कां?" म्हणून विचारलें, आणि आम्हीं "हो" म्हटलें, शाळेच्या सर्व वर्षांत इतक्या खरेपणानें दुसऱ्या कोणत्याही प्रश्नास आम्हीं होकार दिला नसेल.

त्या सुट्टींत घरीं जाऊन आम्हीं आबांस हें सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें. मग म्हणाले, "म्हंजी तुझी झोप वाया न्हाई गेली म्हन." त्या रात्रीविषयीं ते बोलले तें एवढेंच वाक्य. तात्यांचें नांव त्यांनीं काढलें नाहीं, आणि आम्हींही काढलें नाहीं.

पुढें गुऱ्हाळांचे दिवस फार राहिले नाहींत. १९७० च्या सुमारास साखराळ्याचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, नंतर वाळव्याचा झाला. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना त्यांच्याही आधींचा. कारखाना ऊंस तोडून नेतो, वजन करून पावती देतो. रात्रीं तिकांडें पाहत बसावें लागत नाहीं. वडिलांनीं सर्व ऊंस कारखान्यास घातला आणि सोसायटीचें कर्ज तीन हंगामांत फिटलें. हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पूर्वींचें हाल सोसण्याचें काम गोड होतें असें आठवणींत बसून लिहिणें सोपें असतें. चुलाणाशीं उभें राहणारास त्याची धग ठाऊक असते. आबांच्या पायांवर पाकाचे चट्टे होते, आणि दोन्ही डोळे धुरानें बारमास लाल असत. काहील लोखंडाच्या भावानें विकली गेली. चरक बरेच दिवस आंब्याखालीं पडून होता. त्याच्या दांत्यांतून कोंबडीनें पिलें काढलीं.

गेल्या कार्तिकांत आम्ही इस्लामपुराहून परत येतांना एका गुऱ्हाळावर थांबलों. अलीकडे अशीं गुऱ्हाळें पुनः दिसूं लागलीं आहेत. गुळापेक्षां काकवीवर त्यांचा भर अधिक, आणि ती कांचेच्या बाटल्यांतून पुण्यामुंबईस जाते. मालक तिशींतला तरुण होता. काहील चकचकीत पोलादाची, कांठाला लांब दांड्याचा तापमापक अडकविलेला. गुळवे परप्रांतांतील होते आणि आपसांत हिंदींत बोलत होते. ऊंस कोणता म्हणून विचारलें तर मालक म्हणाला, "शहाऐंशी शून्य बत्तीस." कोइमतूरच्या केंद्राचें हें वाण आमच्याकडे सर्वत्र आहे, आबांच्या पुंड्या उंसाचें नांवही त्यानें ऐकलें नव्हतें.

त्यानें आम्हांस रस दिला. पैसे विचारले तर हंसून हात जोडले. तो रस पीत आम्ही काहिलीकडे पाहत उभे राहिलों. तापमापकाचा कांटा एकशें चारवर आला. गुळव्यानें फावड्यावरचा पाक बोटावर घेतला आणि अंगठ्यानें ओढून पाहिला. तापमापक समोर असतांना त्यास त्याची गरज नव्हती, पण त्यानें पाहिला. मालकानें एका डब्यांतून पांढरी पूड चमच्यांत काढली.

"हें काय?" आम्हीं विचारलें.

"सायट्रिक अॅसिड, काका. लिंबाचं सत्व. काकवीनं साखर धरू नये म्हणून घालावं लागतं. हे नाही घातलं तर चार महिन्यांत बाटल्या परत येतात."

आम्हीं तो चमचा त्याच्याकडून मागून घेतला. त्यास जरा नवल वाटलें असावें. काहिलींतून वाफ येत होती आणि चिपाडांचा तोच वास होता.

"आम्हीं घातलें तर चालेल?"

"घाला की," तो म्हणाला, "पण जरा मागं सरून. अंगावर उडंल."